टॉमकॅटमधले थ्रेड वाढत चाललेत? आधी त्यांची नावं वाचा

टॉमकॅटमधल्या, म्हणजे जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरमधल्या, थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांची) संख्या वाढतेय असा अलर्ट आला की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. एक तर सर्व्हरला रीस्टार्ट मारतात, नाहीतर सर्व्हर डॉट एक्सएमएलमधला मॅक्सथ्रेड्स (रिक्वेस्ट हाताळायला तयार ठेवलेल्या थ्रेडच्या ताफ्याची, म्हणजे पूलची, कमाल मर्यादा) २०० वरून ५०० करतात. पहिल्यात पुरावा पुसला जातो. दुसऱ्यात बहुधा काहीच साधत नाही, कारण वाढणारे थ्रेड त्या पूलमधले नसतातच. आणि असलेच, तर आधी २०० अडकत होते ते आता ५०० अडकतात.

रीस्टार्ट मारायचाच असेल तर खुशाल मारा, पण त्याआधी अर्धा मिनिट काढून दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप (त्या क्षणी कुठला थ्रेड कुठे आहे याची यादी) घ्या. जेस्टॅकला -एल लावून प्रोसेस आयडी दिला की झालं. जेकमांडला थ्रेड डॉट प्रिंट सांगितलं तरी तेच मिळतं. कमांड टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याच युजरने द्यायची, एरवी जोडणीच नाकारली जाते. कंटेनरमध्ये फक्त जेआरई (नुसतं जावा चालवण्यापुरतं पॅकेज) आहे, ही हत्यारं नाहीत, अशा वेळी किल -३. नाव भयंकर असलं तरी प्रोसेस मरत नाही. डंप कॅटलिना डॉट आउटमध्ये किंवा कंटेनरच्या लॉगमध्ये पडतो.

आकडा कुठला बघताय हेही आधी ठरवा. पीएसला एनएलडब्ल्यूपी हा रकाना मागितला किंवा प्रॉकखालच्या टास्क फोल्डरमधल्या नोंदी मोजल्या, तर ऑपरेटिंग सिस्टमच्या लेखी असलेले सगळे थ्रेड येतात: मेमरीतला कचरा गोळा करणारे जीसीचे, सी१-सी२ कंपायलरचे, झालंच तर एखाद्या नेटिव्ह (जावाबाहेरच्या) लायब्ररीचे. जेएमएक्समधला (चालू जावा प्रोसेसचे आकडे बघायच्या सोयीतला) थ्रेडकाउंट मात्र फक्त जावाच्या थ्रेडचा असतो. दोन्हींत काही डझनांचा फरक असणं रोजचंच आहे. ६४ कोअरच्या मशीनवर नुसते समांतर जीसीचे थ्रेडच ४३ होतात (पहिल्या ८ कोअरना एकेक, पुढच्या ५६ ना पाच अष्टमांश). पण एनएलडब्ल्यूपी चढतोय आणि थ्रेडकाउंट जागेवर आहे, असं दिसलं तर जावाच्या डंपमध्ये शोधत बसू नका. ते थ्रेड कुठल्यातरी नेटिव्ह कोडचे आहेत.

जेएमएक्समध्ये थ्रेडकाउंटच्या शेजारीच टोटलस्टार्टेडथ्रेडकाउंट असतो, म्हणजे जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) सुरू झाल्यापासून एकूण किती थ्रेड जन्मले. याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि निम्मं निदान इथेच होतं. दोन्ही आकडे हातात हात घालून चढत असतील, तर जन्मलेला थ्रेड मरत नाहीये, गळती आहे. जिवंत थ्रेड तीनशेच्या आसपास, पण जन्मलेल्यांचा आकडा तासाला हजारोंनी पळतोय, असं असेल तर गळती नाही, उधळपट्टी आहे: दर कामाला नवा थ्रेड, काम संपलं की तो मेला. आज त्याचा त्रास नाही. ज्या दिवशी पलीकडची सेवा मंद होईल त्या दिवशी हेच थ्रेड मरायचे थांबतील आणि दहा मिनिटांत हजारांवर जातील.

आता सगळ्यांत जास्त फसवणारा प्रकार. सकाळी गर्दीची लाट आली, थ्रेड ४० वरून २४० वर गेले, लाट ओसरली, तरी आकडा दिवसभर २४० वरच. याला गळती म्हणून तिकीट उघडलं जातं. टॉमकॅटच्या कनेक्टरचा (रिक्वेस्ट स्वीकारणाऱ्या भागाचा) पूल किमान १० आणि कमाल २०० थ्रेड ठेवतो, आणि ६० सेकंद रिकामा बसलेला थ्रेड काढून टाकतो. मग कमी का होत नाहीत? कारण रिकामे थ्रेड रांगेत उभे असतात आणि नवं काम रांगेतल्या पहिल्याला मिळतं. काम संपवून तो पुन्हा शेपटाला जातो. म्हणजे काम सगळ्यांत आळीपाळीने वाटलं जातं. २०० थ्रेड आणि ६० सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीन-चार रिक्वेस्ट आल्या तरी प्रत्येकाला मिनिटभरात एकदा काम मिळतं आणि कुणीच ६० सेकंद रिकामा राहत नाही. हा रोग नाही. तुमचा आलेख चढून सपाट झाला असेल आणि ती सपाटी मॅक्सथ्रेड्सच्या हिशेबात बसत असेल, तर तिकीट बंद करा. खात्री हवी तर जेएमएक्समध्ये कॅटलिनाखालच्या थ्रेडपूलचे करंटथ्रेडकाउंट आणि करंटथ्रेड्सबिझी शेजारी ठेवा. २०० पैकी ४ कामात असतील तर बाकीचे नुसते बसलेत.

सपाट न होता चढतच जाणारा आलेख हा खरा विषय. इथे डंप उघडायचा, पण वाचायचा नाही. चार हजार थ्रेडचा डंप वाचणं कुणाच्याच बसची बात नाही. अवतरणचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेपने काढा, बंद होणाऱ्या अवतरणचिन्हापुढचं सगळं कापा, सेडने नावांतले आकडे पुसून त्या जागी एक फुली टाका, मग सॉर्ट, युनिकला -सी आणि शेवटी पुन्हा सॉर्टला -आरएन, म्हणजे मोठा आकडा वर. वर येतं ते गावच्या मतदारयादीसारखं: कुठल्या आडनावाची किती घरं. चार हजार ओळींच्या जागी पंचवीस-तीस ओळी उरतात आणि गुन्हेगार बहुधा पहिल्याच ओळीत असतो.

एचटीटीपी-एनआयओ-फुली-एक्झेक-फुली (पहिली फुली ८०८० सारख्या पोर्टची) हे टॉमकॅटचे स्वतःचे कामकरी. ते मॅक्सथ्रेड्सच्या पुढे जाऊच शकत नाहीत, त्यामुळे हजारांतली वाढ त्यांच्या माथी मारता येत नाही. त्याच पोर्टचे पोलर आणि अ‍ॅक्सेप्टर एकेक-दोन असतात, त्यांना सोडून द्या. हिकारीपूलचा हाउसकीपर प्रत्येक डेटाबेस पूलमागे एक असतो. हाउसकीपर चाळीस दिसले तर डेटासोर्स चाळीसदा बनवला गेलाय. टायमर-फुली म्हणजे जावाचा जुना टायमर वर्ग, प्रत्येक नव्या टायमरला एक थ्रेड, आणि त्यावर ठरावीक वेळाने फिरणारं काम लावलं असेल तर कॅन्सल म्हणेपर्यंत अमर. सिंपलएसिंकटास्कएक्झिक्युटर-फुली दिसलं तर स्प्रिंगमध्ये एसिंक अ‍ॅनोटेशन लावलंय पण त्याला पूल दिलेला नाही; नाव एक्झिक्युटर असलं तरी तो दर कामाला नवा थ्रेड काढतो.

आणि मग पूल-फुली-थ्रेड-फुली. ही ओळ वर असेल तर पुसलेले आकडे परत आणा, कारण सगळी माहिती त्या आकड्यांतच आहे. एक्झिक्युटर्स वर्गातून नाव न देता पूल बनवला की जावा स्वतःच नाव ठेवते: पहिला आकडा पूलचा अनुक्रमांक, दुसरा त्या पूलमधल्या थ्रेडचा. पूल-३-थ्रेड-१ ते पूल-३-थ्रेड-९०० दिसले, तर पूल एकच आहे आणि तो बेबंद वाढलाय. हा जवळजवळ नेहमी न्यूकॅश्डथ्रेडपूल असतो, ज्याला कमाल मर्यादाच नाही. कामं अडकली की तो नवे थ्रेड काढत राहतो. उलट पूल-४८१२-थ्रेड-१, पूल-४८१३-थ्रेड-१ असं दिसलं, तर जेव्हीएम सुरू झाल्यापासून निदान ४८१३ पूल जन्माला आलेत. कुणीतरी मेथडच्या आत पूल बनवतंय.

असा कोड दिसायला अगदी सालस असतो. अहवाल काढायची मेथड आहे, तिला तीन ठिकाणांहून माहिती आणायची आहे, म्हणून पहिल्याच ओळीत न्यूफिक्स्डथ्रेडपूल, आकडा १०. तीन कामं सबमिट केली, तीन फ्युचरवर गेट केलं, उत्तर परत दिलं. पूल हा मेथडमधला साधा लोकल व्हेरिएबल, म्हणजे मेथड संपली की कचऱ्यात जाईल असं वाटतं. जात नाही. जिवंत थ्रेड हा जीसीच्या लेखी मूळ असतो, त्या थ्रेडमध्ये पूलचा वर्कर आहे आणि वर्करकडे पूलचा संदर्भ. थ्रेडने पूलला धरलंय, आणि पूल बंद झाल्याखेरीज थ्रेड सुटत नाही. फिक्स्ड पूलमधला थ्रेड काम नसलं तरी रांगेवर अनंतकाळ बसतो. पूलचा आकडा १० असला तरी थ्रेड कामाच्या संख्येइतकेच, इथे तीनच निघतात. म्हणून दर पूलमागे थ्रेड-१, २, ३ असे तीन दिसतात, आणि दिवसाला ४०० अहवाल निघत असतील तर दिवसाला १२०० थ्रेड. हा गुणाकार तुमच्या आलेखाच्या चढाशी जुळवून बघा. जुळला की कोड न उघडताच मेथड कुठली ते कळतं.

याचं एक फसवं भावंड आहे. कोडमध्ये शटडाउन लिहिलेलं असतं, रिव्ह्यू करणारा समाधानाने पुढे जातो, पण ते फायनलीमध्ये नसतं. गेटने एक्सेप्शन फेकलं की ती ओळ गाठलीच जात नाही. मग थ्रेड ट्रॅफिकबरोबर वाढत नाहीत, चुकांबरोबर वाढतात. थ्रेडचा आलेख आणि एचटीटीपी ५०० (सर्व्हरची चूक) या उत्तरांचा आलेख एकावर एक ठेवा.

न्यूसिंगलथ्रेडएक्झिक्युटर तर आणखी वेगळा वागतो. त्याच्यावर एक पातळ आवरण असतं आणि ते आवरण कचऱ्यात गेलं की आतला पूल बंद केला जातो. त्यामुळे गळती असूनही जीसी झाला की थ्रेड धाडकन उतरतात, पुन्हा चढतात. आलेख करवतीच्या दातांसारखा. हीप (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) मोठा करून जीसी कमी केला की थ्रेड जास्त साठतात, आणि मग ‘मेमरी वाढवली आणि थ्रेड वाढले’ असं कोडं पडतं.

थ्रेड-फुली, म्हणजे नुसतं थ्रेड-२९१७ असं नाव, हे सगळ्यांत निरुपयोगी. कुणीतरी थेट न्यू थ्रेड केलंय, एवढंच कळतं. पण आरोप करण्याआधी एक शक्यता तपासा, विशेषतः कंटेनर दोन सीपीयूचा असेल तर. कंप्लीटेबलफ्युचरच्या सप्लायएसिंकला पूल दिला नाही की तो सामायिक फोर्कजॉइनपूल वापरतो, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या पूलची समांतरता सीपीयूपेक्षा एकने कमी, म्हणजे दोन सीपीयूवर एक. आणि ती एकपेक्षा जास्त नसेल तर जावा ८ पासून २१ पर्यंत तरी हा वर्ग सामायिक पूल वापरतच नाही, दर कामाला नवा थ्रेड काढतो. डेव्हलपरच्या आठ कोअरच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत, आणि प्रोडक्शनमध्ये तोच कोड थ्रेड-१, थ्रेड-२ करत सुटलेला. उपाय एका आर्ग्युमेंटचा: सप्लायएसिंकला स्वतःचा पूल द्या.

एचटीटीपी क्लायंटची नावंही ओळखीची करून ठेवा. जावा ११ मध्ये आलेल्या क्लायंटचा प्रत्येक इन्स्टन्स स्वतःचा सिलेक्टरमॅनेजर थ्रेड घेऊन येतो. एचटीटीपीक्लायंट-७३४-सिलेक्टरमॅनेजर असं नाव म्हणजे ७३४ वा क्लायंट. जावा २१ पर्यंत त्याला क्लोज मेथडच नव्हती, त्यामुळे ‘बंद केला नाही’ ही चूक नव्हे. दर रिक्वेस्टला नवा बनवला ही चूक. ओकेएचटीटीपी, अपाचे एचटीटीपीक्लायंट, नेटीचा इव्हेंटलूपग्रुप यांचंही तेच: क्लायंट एकदा बनवायचा आणि सगळ्यांनी वापरायचा. नेटीचा ग्रुप न सांगता कोअरच्या दुप्पट थ्रेड काढू शकतो, म्हणून तिथली चूक सर्वांत महाग.

समजा पहिली ओळ एक्झेक-फुलीचीच आहे, २०० च्या २०० कामात आहेत आणि साइट गोठलीय. इथे स्टॅक, म्हणजे थ्रेड कुठल्या मेथडमधून कुठे पोचलाय ती साखळी, वाचावा लागतो. एका थ्रेडची शीर्षओळ बघा: एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक-४२, सीपीयू १२ मिलिसेकंद, इलॅप्स्ड ५४०० सेकंद, खाली अवस्था रनेबल. रनेबल या शब्दावर जाऊ नका. सॉकेटवर उत्तराची वाट बघणारा थ्रेड नेटिव्ह कोडमध्ये अडकलेला असतो आणि जेव्हीएम त्याला रनेबलच म्हणतं. खरं सांगतात ते वरचे दोन आकडे, आणि ते जावा ११ पासूनच डंपमध्ये येतात: हा थ्रेड दीड तासापूर्वी जन्मला आणि त्यात १२ मिलिसेकंदच राबला. स्टॅकच्या माथ्यावर सॉकेटइनपुटस्ट्रीमचं सॉकेटरीड० (जावा १३ पासून एनआयओसॉकेटइम्पल) आणि खाली उतरत तुमच्या पॅकेजची पहिली ओळ, म्हणजे कुणाच्या उत्तरासाठी ताटकळलाय ते. तिन्ही डंपमध्ये तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर निदान झालं: रीड टाइमआउट लावलेला नाही. एचटीटीपीयूआरएलकनेक्शनचा मूळ रीड टाइमआउट शून्य, म्हणजे अनंत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरचा सॉकेटटाइमआउटसुद्धा शून्य. पलीकडचा फायरवॉल मुकाट्याने कनेक्शन सोडून देतो आणि आपला थ्रेड अनंतकाळ कान लावून बसतो.

माथ्यावर हिकारीपूलचं गेटकनेक्शन असेल तर गोष्ट वेगळी. पूल मूळचा १० कनेक्शनचा, ३० सेकंद थांबून तो एक्सेप्शन फेकतो. तिथे वाट बघणारे १९० थ्रेड हे बळी आहेत. ज्या दहा जणांनी कनेक्शन धरून ठेवलंय त्यांचे स्टॅक शोधा. ते डंपमध्ये सापडलेच नाहीत तर कनेक्शन परत न करता थ्रेड निघून गेलाय, आणि मग हिकारीचा लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड लावायचा (किमान २००० मिलिसेकंद, त्याहून कमी दिला तर चालत नाही).

रीडिप्लॉयने (सर्व्हर चालू ठेवून अ‍ॅप्लिकेशन पुन्हा चढवल्याने) होणारी वाढ आलेखावर लगेच ओळखू येते: पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी डिप्लॉयच्या वेळेला. टॉमकॅट स्वतः लॉगमध्ये सांगतो की या वेब अ‍ॅप्लिकेशनने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी लीक होण्याची दाट शक्यता आहे. हा इशारा लोक वर्षानुवर्षं स्क्रोल करून पुढे जातात. शटडाउन स्क्रिप्ट चालवूनही प्रोसेस जात नाही आणि किल -९ ची सवय पडलीय, हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक: नाव न दिलेल्या पूलचे थ्रेड डीमन नसतात, त्यामुळे ते जेव्हीएमला मरू देत नाहीत.

आता अडचण अशी की रिकाम्या पूल थ्रेडच्या स्टॅकमध्ये तुमची एकही ओळ नसते. अनसेफ पार्क, त्याखाली लिंक्डब्लॉकिंगक्यूचं टेक, त्याखाली थ्रेडपूलएक्झिक्युटरचं गेटटास्क आणि रनवर्कर. थ्रेड आत्ता कुठे आहे हे कळतं, त्याला जन्म कुणी दिला हे नाही. जावा १७ किंवा पुढे असाल तर फ्लाइट रेकॉर्डर (जेव्हीएममधल्या घटना टिपणारं जावाचं साधन) लावा. त्यातल्या थ्रेडस्टार्ट इव्हेंटमध्ये जन्म देणारा थ्रेड आणि त्या क्षणाचा स्टॅक दोन्ही असतात. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि चालू प्रोडक्शनवर जेकमांडने सुरू करता येतं. त्याआधी झटपट पडताळा हवा असेल तर जीसी डॉट क्लास_हिस्टोग्राम घ्या आणि थ्रेडपूलएक्झिक्युटरचे किती इन्स्टन्स आहेत ते बघा. पंधरा-वीस असायला हवेत तिथे ४८०० असतील तर हीप डंपची गरजच नाही. फक्त ही कमांड -ऑलशिवाय दिली की आधी पूर्ण जीसी करते, तेव्हा ऐन गर्दीत नको.

‘नवा नेटिव्ह थ्रेड बनवता येत नाही’ असं म्हणत आउटऑफमेमरी आला, तर एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) वाढवू नका. थ्रेडचा स्टॅक हीपबाहेर असतो. कंटेनरमध्ये हीप वाढवला की स्टॅकला उरणारी जागा आणखी घटते. ६४ बिट लिनक्सवर दर थ्रेडला १ एमबी राखून ठेवला जातो, पण वापरलेली पानंच खरी मेमरी खातात. म्हणून बहुतेकदा मेमरी संपलेलीच नसते, मर्यादा गाठलेली असते. प्रॉकखालच्या लिमिट्स फाइलमध्ये मॅक्स प्रोसेसेस बघा. लिनक्स ही मर्यादा युजरमागे आणि थ्रेड धरून मोजतो, म्हणजे एकाच युजरचे दोन टॉमकॅट एकाच ताटात जेवतात. लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये वाढवलेला आकडा सिस्टमडीच्या सेवेला लागू होत नाही, तिथे युनिट फाइलमधला लिमिटएनप्रॉक. सिस्टमसीटीएल स्टेटसमधली टास्क्सची ओळही बघा, चालू आकडा आणि मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात. कंटेनरमध्ये सीग्रुपचा पिड्स डॉट मॅक्स. गळती असताना या मर्यादा वाढवणं म्हणजे पुढचा अलर्ट शुक्रवारऐवजी रविवारी पहाटे घेणं.

दुरुस्तीत नवं असं थोडंच. पूल अ‍ॅप्लिकेशनमागे एक, कॉन्टेक्स्ट बंद होताना शटडाउन, आणि थ्रेडफॅक्टरीतून नाव: अहवाल-१, ईमेल-१, काहीही, पण कामावरून. शटडाउननाऊवर मात्र विसंबू नका. तो इंटरप्ट पाठवतो आणि सॉकेट रीडवर बसलेला साधा थ्रेड इंटरप्टला भीक घालत नाही. टाइमआउटशिवाय तिथे सुटका नाही. पूलचे आकडे देताना एक सापळा: जावाचा पूल रांग भरल्यावरच कोरच्या पुढे वाढतो. कोर १०, कमाल ५० आणि रांग अमर्याद असं दिलंत तर अकरावा थ्रेड कधीच निघणार नाही. टॉमकॅटने स्वतःच्या पूलसाठी हाच क्रम उलटा केलाय, आधी कमालपर्यंत थ्रेड आणि मग रांग. त्याच्या वागण्यावरून आपल्या पूलचा अंदाज बांधला की चुकतो. रांग मर्यादित ठेवा आणि भरल्यावर कॉलररन्स, म्हणजे काम देणाऱ्यानेच ते करायचं. दाब आपोआप मागे सरकतो.

दुरुस्ती चढवल्यावर थ्रेडकाउंट कमी दिसेलच, कारण सर्व्हर नुकताच सुरू झालाय. त्यावर जाऊ नका. गरम होऊन तासभर झाला की टोटलस्टार्टेड टिपून ठेवा, एक पूर्ण दिवसाचं ट्रॅफिक जाऊ द्या, पुन्हा टिपा. मधे शंभर-दोनशेची भर ठीक आहे. १२०० ची असेल तर अहवालाचा पूल अजून कुठेतरी दुसऱ्या मेथडमध्येही बनतोय.